पंचफुलाचा नेम

गोळी मागून माझ्या डाव्या खांद्यात शिरली तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. रोडग्याचा गोळा परातीत पडला. मला वाटलं कोणी दगड मारला, म्हणून मी वळून शिवी दिली. मग पाठीवरून काहीतरी गरम खाली यायला लागलं आणि शेजारी बसलेली बाई किंचाळली, "माय वं, रगत!" मी ओरडले ती त्यानंतर. दुखण्याच्या आधी माणसाला राग येतो, हे मला त्या दिवशी कळलं. पऱ्हाटीच्या गंजीपलीकडून माणसांचा गलका ऐकू येत होता... तो आनंदाचा होता. टाळ्या वाजत होत्या, पोरं "फुटलं, फुटलं" म्हणून नाचत होती. तिकडं कोहळं फुटलं होतं, आणि इकडं काय झालं ते अजून कोणाला माहीत नव्हतं.

बंदूक पंचफुलाच्या हातात होती. ती मागच्या महिन्यात यवतमाळला दवाखान्यात वारली. तिच्या घराला आता कुलूप आहे, म्हणून लोक बसायला माझ्याकडं येतात आणि म्हणतात, "तुमची बहीणच होती जशी." बहीण नव्हती. आमचं नातं काही नव्हतं, जातही एक नव्हती. तिच्या शेताचा आणि माझ्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, तेवढा एक होता, आणि आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलो होतो. पहिली काही वर्षं आम्ही त्या धुऱ्यावरून भांडलो. तिची बकरी माझ्या तुरीत शिरायची. मी बकरी बांधून ठेवायची आणि ती येऊन सोडून न्यायची, विचारायचीसुद्धा नाही. मैत्री कधी झाली ते मला सांगता येणार नाही. भांडायला रोज समोर कोणीतरी लागतं, त्यातूनच झाली असावी.

आमचं गाव फुलसावंगीच्या पुढं, जंगलाला लागून आहे. जंगलाला लागून म्हणजे रानडुकरांना लागून. भुईमूग पेरला की ते रांगेनं उकरत जातात, हरभरा लोळून टाकतात, आणि एका फेरीत अख्खं वावर असं करून ठेवतात की वाटावं कोणी वाकडातिकडा नांगर फिरवला. म्हणून आमच्याकडं काही घरांत पिकाच्या राखणीसाठी परवान्याच्या बंदुका आहेत. जुन्या काळी होळीला गावची माणसं पारधीला जायची. पुढं शिकार बंद झाली. पण सण मोडायचा नाही म्हणून म्हाताऱ्यांनी तोड काढली, आणि जनावराच्या जागी कोहळं टांगायला सुरुवात केली. धुळवडीच्या दिवशी दुपारी आसपासच्या गावांतले बंदूकवाले मोकळ्या वावरात जमतात. दोन बल्ल्यांना दोर बांधून मधोमध कोहळं लटकवतात. प्रत्येकाला एकच बार. कोहळं नुसतं खरचटून चालत नाही, फुटून खाली पडलं पाहिजे. ज्याच्या बारानं पडलं तो त्या सालचा राखण्या. तो कोणाच्याही वावरात बंदूक घेऊन गेला तरी कोणी अडवायचं नाही, आणि सरकारकडं डुकरं मारायच्या परवानगीसाठी ग्रामपंचायत त्याचंच नाव पाठवते. फुटलेल्या कोहळ्याच्या फोडी पूर्वीच्या शिकारीसारख्या घरोघर वाटतात.

बाया येतात त्या रोडगे करायला. जेवण तिथंच असतं. कोहळ्याच्या मागं पऱ्हाटीची गंज रचतात. कापूस वेचून संपला की वाळलेली झाडं उपटून आम्ही घरी आणतो, त्याचं कुंपण करतो, चूल पेटवतो, गोठ्याला आडोसा करतो. आमच्याकडं भिंत पाहिजे म्हटलं की माणूस पहिल्यांदा पऱ्हाटीकडं बघतो. तशी ही बंदुकीच्या बारासाठीची भिंत. सगळ्यांच्या बंदुका छऱ्यांच्या होत्या, आणि छर्रे त्या काट्याकुट्यांत अडकून पडायचे, पलीकडं एकही यायचा नाही. शिमग्याचं ऊन, वावर उघडं, सावली म्हणून काय ती त्या गंजीचीच. आम्ही बाया दरवर्षी तिच्यामागं बसून कणीक मळायचो. माझी सासू तिथंच बसायची. डोक्यामागं बार वाजायचे आणि आम्ही कोणाच्या सुनेला काय झालं ते बोलत असायचो.

त्या वर्षी पहिल्यांदा रायफल आली. ती पंचफुलाच्या नवऱ्याची. चांगला माणूस होता, पण चार माणसांत हात कापायचा त्याचा, म्हणून तो कधी या स्पर्धेत उतरला नाही. खरं सांगायचं तर वावरातही मचाणावर बंदूक घेऊन तीच बसायची. परवाना त्याच्या नावावर आणि नेम हिचा, हे गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तो अटॅकनं गेला. परवाना तिच्या नावावर झाला तेव्हा मात्र सगळ्यांना तोंड फुटलं. तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर नामदेव, त्यानं अर्ज दिला की बंदूक घराण्याची आहे, बाईमाणसाला चालवता येत नाही, परवान्याचं नूतनीकरण करू नये आणि बंदूक मला मिळावी. पोलिसांनी ग्रामपंचायतीला विचारलं, तुमचं मत काय? पंचायतीनं मत द्यायचं टाळलं आणि म्हटलं, धुळवडीला बघू. जिंकली तर राखण्या म्हणून तिचंच नाव पाठवू, बंदूक तिच्याकडं राहील. नाही जिंकली तर नामदेवच्या अर्जाला आमची हरकत नाही.

पंचफुलाचं वावर अगदी जंगलाच्या तोंडाशी. बंदूक नामदेवकडं गेली असती तर तो आधी स्वतःचं वावर राखणार होता, आणि हिचं पीक एका हंगामात संपलं असतं. मग वावर त्यालाच बटाईनं द्यायचं आणि भावाच्या दारात जाऊन बसायचं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. मुलगा तेव्हा नुकताच वणीकडं कोळशाच्या खाणीत लागला होता, तो शेतीला परत येणार नव्हता. धुळवडीच्या आधी आठवडाभर ती एका जागी बसली नाही. माझ्या ओट्यावर यायची, पाणी मागायची, पाणी आणेपर्यंत निघून गेलेली असायची. मी म्हटलं, "काहून वं अशी फिरून राह्यली, शेपटीले फटाका बांधल्यावानी?" तर म्हणाली, "डुकराले नेम लावणं सोपं हाये देवके. ते पायत नाही आपल्याकडं. इथं सारं गाव पायणार हाये."

त्या दिवशी नामदेवनं आधी बार काढला. त्याची जुनी भरमार होती, नळीच्या तोंडातून दारू ठासायची. कोहळ्याला छर्रे लागले, ते गरगर फिरलं, पण पडलं नाही. मग ही पुढं आली. हे मी पाहिलं नाही, मी गंजीमागं होते, पण ऐकू सगळं येत होतं. स्पर्धेचं सगळं आमचे म्हातारे कोतवाल किसनबुवा पाहायचे. नामदेव म्हणाला, "बुवा, बाई चालते का या खेळात, हे पह्यले ठरवा." त्यावर पंचफुलाचा आवाज आला, "बाई चालतच आली भाऊजी. तुमीच तेवढे मोटरसायकलवर आले." माणसं हसली. कोणीतरी विचारलं, रायफल चालेल का? किसनबुवा म्हणाले, "परवान्याची हाये ना? मंग काय भेव हाये? मागं पऱ्हाटी हाये." एवढं बोलून झालं, आणि सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मी गंजीला पाठ लावून आणखी आरामात बसले.

छर्रा आणि रायफलची गोळी यांतला फरक तिथं कोणाच्याच डोक्यात आला नाही. पंचफुला आयुष्यभर मचाणावरून खाली बार काढत आलेली. तिची गोळी जनावराला लागो की चुको, शेवटी मातीत जायची. गोळीला पुढं कुठंतरी जावं लागतं, हा विचार करायची तिला कधी वेळच आली नव्हती. सपाट वावरात तिनं गुडघा टेकला, कोहळ्याच्या बरोबर मध्यावर नेम धरला, आणि गोळी कोहळ्यातून, पऱ्हाटीतून, माझ्यात आली.

जीपमध्ये घालून मला पुसदला नेलं. पंचफुलानं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि स्वतःचा पदर गोळा करून खांद्यावर असा दाबला होता की गोळीपेक्षा तोच जास्त दुखत होता. ड्रायव्हर खड्डे चुकवत हळू चालवायला लागला तर ती त्याच्यावर ओरडली, "हळू नोको चालवू. दुखू दे तिले." मी डोळे उघडून विचारलं, "फुटलं काय?"

"चूप बस."

"फुटलं का नाही, सांग."

"फुटलं."

"पुरं? का नुसतं चिरलं?"

"पुरं फुटलं, खाली पडलं. आता मरू नोको देवके, नाहीतं सारं वाया जाईन."

मला हसू आलं आणि मग शुद्ध गेली. पुष्कळ लोक मला विचारतात की तेव्हा तिचा राग आला नाही का. आला ना. खूप आला. पण तिनं गोळी मारली म्हणून नाही. दुखत असताना तिनं मला बोलू दिलं नाही म्हणून.

गोळी निघाली. हाड फुटलं होतं. डावा हात तेव्हापासून खांद्याच्या वर जात नाही. वेणी घालायची तर सून घालते, आणि उंचावरचं काही काढायचं तर कोणाला तरी हाक मारावी लागते. दवाखान्यात पहिल्या दोन दिवसांत मला भेटायला जी माणसं आली, ती प्रत्येक जण एकेक गोष्ट घेऊन आली, आणि मी ती पोलिसांना सांगावी अशी त्यांची इच्छा होती. नामदेव द्राक्षं घेऊन आला. "वयनी, तुमाले खोटं बोला म्हनत नाही मी," तो म्हणाला. "फक्त येवढं सांगा का तिनं इकडं तिकडं न पाहता बार काढला. बाकी मी पाहून घेतो." किसनबुवा डोळ्यांत पाणी आणून बसले. स्पर्धेला कोणाची लेखी परवानगी नव्हती, त्यांना भीती होती की म्हातारपणी तुरुंग बघावा लागेल. ते हळूच म्हणाले, "देवकाबाई, पऱ्हाटीवर पडल्या अन् खुंट घुसला, असं म्हनता येईन काय?" मी म्हटलं, "बुवा, तो खुंट डॉक्टरनं काढून वाटीत ठेवला हाये. जाऊन पाहा. शिशाचा हाये." ते उठून गेले. द्राक्षं मी ठेवून घेतली, गोड होती.

पंचफुला काही सांगायला आली नाही. ती खाटेच्या पायथ्याशी खाली बसायची, उठायची, खिडकीशी जायची, परत बसायची. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्यानं काही विचारायच्या आत ती म्हणाली, "बार माहा हाये. गोळी माही हाये. लिवा." मी म्हटलं, तू थांब, गोळी मला लागली आहे, आधी मला बोलू दे. मग मी जसं झालं तसं सांगितलं. आम्ही बाया सावलीत बसलो होतो. दरवर्षी बसतो. छऱ्याची बंदूक असती तर काही झालं नसतं. रायफल आली तर मागं मातीचा ढीग पाहिजे होता, तो कोणाला सुचला नाही, मलाही नाही. नेम बरोबर होता. हवालदारानं विचारलं, "म्हणजे चूक कोनाची लिवू?" मी म्हटलं, "सावलीची लिवा." त्यानं ते लिहिलं नाही. बाकीचं लिहिलं.

बंदूक ठाण्यात जमा झाली आणि परवान्याचं घोंगडं भिजत पडलं. त्यानंतरचे हंगाम पंचफुलानं बंदुकीशिवाय काढले. एक पत्र्याचा डबा आणि एक दांडकं. दिवस कलायला लागला की ती धुऱ्यावरून फिरत डबा वाजवायची. सुरुवातीला डुकरं पळाली. मग त्यांना सवय झाली. मग तर असं वाटायचं की ती त्या तालावर खातात. सकाळी ती माझ्याकडं यायची आणि माझा हात गळ्यात बांधलेला म्हणून माझ्या भाकरी थापायची. तिच्यासारख्या वाईट भाकरी मी कुठं खाल्ल्या नाहीत. मध्ये कच्च्या, कडेला काळ्या. मी म्हणायची, "गोळीनं नाही मेली ती मी या भाकरीनं मरीन." ती म्हणायची, "मर. पण खाऊन मर." तोंडानं माफी मागणं तिला जमत नव्हतं, आणि मागितली असती तर मी तिला घरात घेतलं नसतं. आम्ही त्यावर बोललोच नाही. पण ती वाळत चालली होती. भुईमूग गेला, हरभऱ्याचं वावर लोळवून टाकलं. नामदेव धुऱ्यावर उभा राहून पाहायचा.

शेवटी ग्रामपंचायतीची सभा झाली. पोलिसांनी पुन्हा मत मागितलं होतं. ओट्यावर माणसं, खाली आम्ही बाया. सगळे म्हणाले, ती स्पर्धा रद्द धरायची. माणूस जखमी झालं, मग कसला राखण्या आणि कसलं नाव? पंचफुला मान खाली घालून उभी होती. मी तिला तसं उभं कधी पाहिलं नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी उठले.

"कोहळं फुटलं होतं का नव्हतं?" मी विचारलं.

किसनबुवा म्हणाले, "फुटलं होतं. पण देवकाबाई, तुमच्या आंगात..."

"माह्या आंगात गोळी आली ते सोडा. कोहळं अन् मी एका रेषेत होतो ना?"

"होते."

"मंग तिचा नेम चुकला असता तं गोळी माह्याकडं आली असती काय? नेम खरा होता म्हनूनच मले लागली. याच्यापेक्षा मोठा पुरावा कोनाले पायजे? पाहाचा असन तं खांदा दाखवतो, पन म्हातारीचा खांदा पाहून तुमची जेवनं चुकतीन."

मग मागून एक जण खुसकन हसला, मग सगळेच. नामदेव म्हणाला, "असं कुठी असते काय? माणूस मारून जिंकाचं?" मी म्हटलं, "मेली कोन? मी तं तुमच्यासंगं भांडून राह्यली." मत तिच्या बाजूनं लिहिलं गेलं. पण पुढच्या वर्षीपासून कोहळ्यामागं मातीचा ढीग घालायचा आणि बायांनी रोडगे नाल्याच्या पलीकडं करायचे, असंही ठरलं. तिकडं सावली नाही. बाया अजून त्याबद्दल मला बोल लावतात.

बंदूक घरी आली त्या संध्याकाळी मी माझ्या वावरातल्या झोपडीपाशी शेंगा निवडत होते. नाल्याकडून डुकरांचा खसखस आवाज येत होता. पंचफुला मचाणावर चढली होती, ते मी पाहिलं होतं. आता बार होईल म्हणून मी कानांवर हात ठेवायला गेले, एकच वर गेला. तेवढ्यात तिकडून आवाज आला, "देवके... कुठी हायेस वं?"

मला कळेना काय झालं. मी ओरडले, "झोपडीपाशी हाओ! काय झालं?"

"काही नाही!" आणि बार वाजला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मी घरी असले तर घरून ओ द्यायची, तिचं मचाण माझ्या घराच्या हाकेवर होतं. आवाज आला की ती ठरवायची मी कुठं आहे, आणि मगच घोड्यावर बोट दाबायची. हाक मारल्यावर डुकरं पळायची ती पळायची, उरलेल्यांवर बार. मी तिला पुष्कळ समजावलं की मी काही रोज तुझ्या गोळीपुढं येऊन बसणार नाही. ती म्हणाली, "तू ओ दे फक्त. तुले काय मेहनत पडते?" गावाला ते पाठ झालं. पोरं नक्कल करायची. एक ओरडायचा, "देवके," दुसरा म्हणायचा, "हाओ," आणि तिसरा तोंडानं ठो करायचा. मला राग यायचा. पण ओ द्यायचं मी चुकवलं नाही.

एकदाच चुकलं. माझी मुलगी दिग्रसला दिली आहे, तिच्या बाळंतपणासाठी मी तिकडं गेले. पंचफुलाला सांगून गेले होते. परत आले तर तिचा भुईमूग सपाट. एक शेंग राहिली नव्हती. मी विचारलं, बंदूक बिघडली का? नाही म्हणाली. आजारी होतीस का? नाही. मग?

"ओ आली नाही," ती म्हणाली.

"मी दिग्रसले होती हे तुले मालूम होतं ना?"

"मालूम होतं."

"मंग काहून नाही मारला बार?"

"मालूम होतं गं. पन बोट दबत नोहोतं." मी तिला खूप बोलले. अख्खं पीक गेलं होतं, आणि मी म्हटलं ही वेडेपणाची हद्द झाली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं त्याआधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही पुन्हा काढलं नाही. म्हणाली, "त्या दिवशी पह्यले कोहळं फुटलं. मंग तू ओरडली. त्या दोहीच्या मधात मले जो आनंद झाला ना देवके... तसा मले लग्नात नाही झाला, पोरगं झालं तवा नाही झाला. वाटलं, आता वावर माहं, बंदूक माही, आता मले कोनी हालवत नाही. अन् तितक्यात तू ओरडली. आता बोट ठेवलं का मले तो आनंद आठवते. तुयं ओरडनं नाही आठवत. आनंद आठवते. त्याचंच भेव वाटते."

मी तिला दिग्रसहून आणलेला चिवडा दिला आणि घरी आले. त्यानंतर मी मुलीकडं गेले की दोन दिवसांत परत यायची. मुलगी रागवायची, आई तुझं तिथं काय अडलं आहे? काय सांगणार?

दिवाळीच्या आसपास पंचफुलाला ताप आला, तो छातीत उतरला. मुलानं वणीहून येऊन तिला यवतमाळला दाखल केलं. मी एसटीनं दिग्रसवरून गेले. ती खाटेवर होती पण खाटेवर राहत नव्हती. एक पाय सारखा खाली, नळी ओढायची, नर्सशी भांडायची. मला पाहिल्यावर म्हणाली, "इथचं वरन म्हनजे हळदीचं पानी हाये, पेऊ नोको." मग विचारलं, "डुकरं येऊन राह्यले काय?"

"येऊन राह्यले."

"कोन हाकलते?"

"मी."

"एका हातानं?"

"दुसऱ्यात तूच गोळी घातली."

ती हसली आणि खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ थांबेना, मग नर्सनं मला बाहेर काढलं. आत परत जाऊ दिलं नाही. शेवटची बस होती, मी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. मी तेव्हा तिच्याच वावरात होते, तुरीकडं पाहत. फोन कमरेला खोचला आणि आधी डुकरांनी उकरलेली माती पायानं सारखी केली. घरी जाऊन कोणाला सांगायचं ते सुचेना.

बंदूक मुलानं ठाण्यात जमा केली. त्याला ती नको आहे. वावर तो कोणाला तरी बटाईनं देणार आहे. ते त्यानं ठरवावं, त्याचा हक्क आहे. आता दिवस कलला की मला घरात बसवत नाही. धुऱ्यापर्यंत जाते, परत येते, पुन्हा जाते. सून म्हणते, "आई, बसा ना जराशा, काय शोधून राह्यल्या?" काही शोधत नाही. बसले की कान आपोआप तिकडं लागतात, म्हणून फिरत राहते. परवा दूरच्या वावरात कोणीतरी डुकरांवर फटाका फोडला, आणि मी अंगणातून एवढ्या मोठ्यानं "घरीच हाओ!" म्हणाले की शेजारची पोरं बाहेर आली. स्वयंपाकघरात जाऊन मी भाकरी केली. एका बाजूनं जळली.

किसनबुवा गेले, नामदेव गेला, आमचे मालकही गेले, आणि आता पंचफुला गेली. गोळी मला लागली होती. मी आहे.